‘काकी’ लिहिलेलं कार्ड

श्रावण सरत आला की आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक पीडीएफ येते. पहिल्यांदा कोण टाकतं कुणास ठाऊक, पण येते नेमानं. ‘मातृदिनानिमित्त मुलांना रंगवण्यासाठी शुभेच्छापत्र. प्रिंट काढा, वाटा, फोटो ग्रुपवर टाका.’ खाली जोडलेले हात आणि दोन गुलाबाची फुलं. आज सकाळी शाळेच्या व्हरांड्यात चपला काढता काढताच मोबाईल वाजला. उघडून बघितलं तर तीच बाई, तोच तिच्या हातातला फुगा, तीच जाड पोकळ अक्षरं. मग मी दरवर्षी करते तेच केलं. फाइल शाळेच्या कॉम्प्युटरवर घेतली आणि कार्डावरचा ‘आई’ हा शब्द पुसून टाकला.

मातृदिनाच्या कार्डावरची आईच पुसून टाकणारी अख्ख्या इंदापूर तालुक्यात मी एकटीच असेन. आमची शाळा वरकुट्याजवळच्या एका वस्तीवरची, दोन शिक्षकी. एक मी, दुसरे मुख्याध्यापक, त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. मी पहिल्यांदा हा उद्योग केला तेव्हा ते कागद उलटसुलट करून म्हणाले, “मॅडम, आईच काढली तर राहिलं काय?” मी म्हटलं, “जागा राहिली.” त्यांना तो विनोद वाटला. ‘प्रिय’ आणि त्याच्यापुढं रिकामी जागा, असं माझं कार्ड असतं. ज्यानं त्यानं आपापलं नाव भरावं.

हा आमचा श्रावण म्हणजे पुस्तकातला श्रावण नव्हे. पुस्तकातला घाटमाथ्यावर पडतो. आमच्याकडं ढग येतात, ज्वारी-बाजरीवर, उसावर, डाळिंबाच्या बागांवर सावली धरतात आणि भीमेच्या पलीकडं निघून जातात. वारा पडतो. पानही हलत नाही. आता पडेल, मग पडेल, म्हणून माणसं धुणं वाळत घालत नाहीत आणि काढतही नाहीत. बागेत फवारणी करावी की थांबावं, यावर पारावर दिवसभर खल चालतो. सगळं नुसतं थांबून राहिलेलं असतं. मला या दिवसांत उगीचच छातीत धडधडल्यासारखं होतं. पूर्वी व्हायचं नाही. समृद्धी नावाची एक मुलगी पहिलीत होती त्या वर्षापासून होतं.

त्याच वर्षी शाळेला प्रिंटर मिळाला होता. आम्ही दोघं त्याच्याकडं नव्या जावयाकडं बघावं तसं बघत होतो, कधी काय मागेल याचा नेम नाही. लाईट आली की मी आधी त्याच्याकडं धावायची. पट तेवीसचा, म्हणून तेवीस कार्डं काढली. चोविसावा कागद आत अडकून काळ्या रेघोट्या घेऊन बाहेर आला. मागची बाजू कोरी होती. कोरी बाजू असलेला कागद फेकायचा नाही, ही माझी जुनी खोड आहे. मी तो टेबलाच्या खणात ठेवून दिला.

सोमवारी कार्डं वाटली. शुक्रवारी पिठोरी अमावस्या, म्हणजे मातृदिन, तेव्हा आयांना शाळेत बोलावून मुलांनी ती द्यायची होती. खडूंच्या डब्या उघडल्या आणि वर्गात तो मेणाचा, थोडासा गोडसर वास पसरला. तो वास आला की मुलं गप्प होतात, ओरडावं लागत नाही. कार्डावरची बाई कुठल्या देशाची होती देव जाणे. केस मोकळे, गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक, एका हातात फुगा आणि दुसऱ्या हातात केक. “मॅडम, ही कुणाची आई हाय?” पहिलाच प्रश्न आला. मी म्हटलं, “तुम्ही रंगवाल त्याची.” मग कामाला लागली सगळी. कुणी फ्रॉकखाली पेन्सिलनं निऱ्या काढून त्याची साडी केली. कुणी कपाळावर रुपयाएवढं कुंकू दिलं. एकानं फुग्याच्या दोरीचा पाइप करून पाठीवर फवारणीचा पंप चढवला. मला त्या फ्रॉकवाल्या बाईची दया आली, पण चित्र आता आमच्या वस्तीवरचं झालं होतं.

मंगळवारी मधल्या सुट्टीत मनीषा आली. समृद्धीची आई. तशी ती मला तोंडओळखीची. समृद्धी दीड वर्षाची असताना ती नर्सिंग शिकायला बारामतीला गेली, वसतिगृहात राहिली. नंतर दीड वर्ष पुण्यात नोकरी केली. सुट्टी मिळेल तसा एखादा दिवस गावी येऊन जायची. त्या आषाढात ती परतली होती, कायमची नव्हे, बारामतीची नोकरी मिळेपर्यंत. तोवर पोरीला वाढवलं ते थोरल्या जावेनं, सुमनताईंनी. मनीषा त्यांना आक्का म्हणायची.

“मॅडम, समृद्धीचा दाखला लागंल असं वाटतंय,” ती उभ्याउभ्याच म्हणाली. “बारामतीत दवाखान्यात नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचंय. खोली बघितलीय. तितल्याच शाळेत घालीन म्हणते.”

मी कपाटातून रजिस्टर काढलं. “कधी देऊ लिहून?”

“लिवू नका एवढ्यात,” ती घाईनं म्हणाली. मग ती बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “घरात समदी म्हणत्यात, पोर हितं सुखात हाय, कशाला उपटती तिला. ह्यांना इचारलं तर म्हणत्यात, तुमी दोघी जावा ठरवा. आणि आक्का तर काय बोलतच न्हाईत.”

“समृद्धी काय म्हणते?”

मनीषानं खिडकीतून मैदानाकडं बघितलं. पोरी तिथं चौकोन आखून, लंगडत जिबली खेळत होत्या. “ती मला काकी म्हणती, मॅडम.”

मला ते माहीत होतं. सगळ्या वस्तीला माहीत होतं. सुमनताईंचे दोन मुलगे, मिशा फुटलेले, ते सुमनताईंना आई म्हणतात आणि मनीषाला काकी. समृद्धी बोलायला शिकली ती या दोन दादांच्या तोंडाकडं बघून. ते ज्या बाईला आई म्हणतात ती आई, ज्या बाईला काकी म्हणतात ती काकी. यात कुणाचा डाव नव्हता, कुणी शिकवलं नव्हतं. एकत्र घरात असं होतंच. आमच्या भागात आईला वहिनी म्हणणारी माणसं आहेत, ताई म्हणणारी आहेत, बापाला दादा नि भाऊ म्हणणारी तर ढिगानं. आई घरात असली की यातलं काही खुपत नाही. नसली की खुपतं.

“ती कार्डं तुमी दिलीत न्हवं पोरांना,” मनीषा म्हणाली. “त्यावर आई लिवलंय. मी तिला काय सांगणार न्हाय, काय इचारणार न्हाय. शुक्रवारी ती कार्ड मला देईल, न्हायतर आक्कांना देईल. मला दिलं तर दाखला द्या, मी तिला घेऊन जाते. आक्कांना दिलं तर मी एकटीच जाते. परत दाखल्याचं नाव काढणार न्हाय.”

“अगं, सहा वर्षांची पोर ती. रंगवायचा कागद आहे तो.”

“फूल तरी काय असतंय, मॅडम?” ती म्हणाली.

 आमच्याकडं लग्न जमवायचं असो, बोअर घ्यायचा असो, देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या हातानं दोन फुलं चिकटवायची आणि बघत बसायचं. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. नरसिंहपूरला जा, नाहीतर गावातल्या देवळात बसा, रीत तीच. कौल लावलेला माणूस फुलाकडं कसा बघतो ते मी पाहिलेलं आहे. पापणी लवत नाही. या बाईनं तसा कौल लावला होता माझ्या प्रिंटरमधून निघालेल्या कागदावर. आणि कौल आधीच फिरलेला होता हे तिलाही कळत असणार, कारण त्या पोरीच्या घरात ‘आई’ या शब्दाची मालकीण एकच होती.

त्या रात्री जेवताना माझा मुलगा म्हणाला, “मॅडम, पोळी.” तो तेव्हा माझ्याच वर्गात होता. शाळेत मॅडम म्हणायचं असं मीच बजावलं होतं, ते त्याच्या तोंडात बसलं होतं. एरवी आम्ही हसलो असतो. त्या दिवशी पोळी तव्यावरच राहिली.

आणि मला माझी बाई आठवली. मी माझ्या आईला बाई म्हणायची. आमच्या घरात सगळेच तिला बाई म्हणायचे. पहिलीत शाळेत गेले तर तिथंही बाई. मैदानात पडून गुडघा फुटला आणि मी “बाई गं” म्हणून टाहो फोडला. धावत आल्या त्या शाळेतल्या बाई. त्यांनी मला उचललं, हळद लावली, पण माझं रडं काही थांबेना. त्या बिचाऱ्या विचारत होत्या, “अगं आले ना मी, आता का रडतेस?” हाक मारली एकीला आणि आली दुसरी, हे सहा वर्षांच्या मुलीनं कसं सांगावं? माझी बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही कुणी “बाई” म्हणून हाक मारली की मी शिक्षिका म्हणून वळते, आणि वळता वळता मला वाटतं की आपल्याला नाही, माझ्या आईला कुणीतरी हाक मारतंय.

बुधवारी मी एक शहाणपणा केला. शहाणपणा कसला, आगाऊपणा. वर्गात मोठ्यानं सांगितलं, “कार्ड कुणाला द्यायचं? जिनं आपल्याला जन्म दिला तिला, बरं का.” बोलताना समृद्धीकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. मागून ओंकार नावाचा एक पोरगा उठला. “मॅडम, मला तर डॉक्टरनं सिझर करून काढलाय. मग डॉक्टरला द्यायचं का?” वर्ग हसून लोटपोट. गुरुजी शेजारच्या खोलीतून डोकावून गेले. समृद्धी हसली नाही. तिनं खडूंची डबी बंद केली. एकेक खडू आपापल्या खाचेत घालून, झाकण दाबून. तिच्या कार्डावरची बाई रंगून तयार होती. हिरवी साडी, पिवळा फुगा. अक्षरं तेवढी पोकळच होती.

कौलात फुलाला फुंकर मारायची नसते. मी मारली होती. आणि फूल पडायचं सोडून मूर्तीला आणखी घट्ट चिकटून बसलं होतं.

गुरुवारी शाळा सुटताना सुमनताई आल्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, आवाज असा की उसाच्या फडात या टोकाला बोलल्या तर त्या टोकाला कळावं. डाव्या हाताला वैरणीचा वास, उजव्या हातात समृद्धीचं दप्तर. पोरीचं दप्तर त्या पोरीला कधी उचलू देत नसत. “मॅडम, उद्या पिठोरी. दिवेलागणीला घरी या वाणाला. दरसाल सांगते, दरसाल चुकवता.” हे पिठोरीचं व्रत आमच्या वस्तीवर त्यांच्याच घरी असतं, त्यांनी ते माहेराहून आणलेलं. आईनं खीर-पुरीचं ताट डोक्यावरून मागं धरायचं आणि विचारायचं, “अतीत कोण?” म्हणजे दारात पाहुणा कोण आलाय. लेकरानं मागून “मी” म्हणत ताट घ्यायचं.

“आणि मागं वळून बघायचं न्हाय बरं,” सुमनताई म्हणाल्या. “किती बी वाटलं तरी. बघितलं की वाण वाया गेलं.” मग हातातलं दप्तर खांद्यावर घेत म्हणाल्या, “मनीषा आली हुती म्हणं दाखल्याला?”

“आली होती. लिहिला नाही अजून.”

“हं,” एवढंच त्या म्हणाल्या. समृद्धीचा हात धरला आणि निघाल्या. बांधावरून जाताना त्यांनी तिला काही सांगितलं नाही, काही विचारलं नाही. त्या दिवसांत त्या घरातल्या दोन्ही बायका त्या पोरीला काही विचारत नव्हत्या आणि पोर दोघींच्या तोंडाकडं बघत होती.

शुक्रवारी अमावस्या. आमच्या भागात पोळा भाद्रपदात असतो, त्यामुळं या अमावस्येला शाळा असते. मी लवकर गेले. सतरंज्या झाडून मैदानात अंथरायच्या होत्या, आया येणार होत्या. आभाळ काळंभोर आणि पाण्याचा थेंब नाही. माझ्याआधी समृद्धी येऊन पायरीवर बसलेली. मांडीवर कार्ड. ‘आई’ ही दोन्ही अक्षरं भरलेली होती, एक लाल आणि एक जांभळं, रेघेच्या बाहेर कुठंही खडू गेला नव्हता.

“मॅडम,” ती उठून म्हणाली, “‘काकी’ लिहिलेलं कार्ड हाय का?”

माझ्या हातातला झाडू तसाच राहिला. ऐकू आलं नाही असं वाटून तिनं पुन्हा विचारलं. “एक आईला झालं. काकीला पायजे. हाय का?”

नाही, असं म्हणणं अगदी सोपं होतं आणि ते खरंही होतं. तेवीस मुलं, तेवीस कार्डं. नाही म्हटलं असतं तर तिच्या हातात एकच कार्ड राहिलं असतं. मग कौल जो लागायचा तो लागला असता, माझा त्यात हात नसता. पण ‘काकी’ असं मी माझ्या हातानं लिहून दिलं, तर मनीषाच्या विरुद्धचा कौल माझ्याच अक्षरात लागणार होता. आईला तिच्या पोटच्या पोरीकडून ‘काकी’ लिहिलेलं कार्ड देववणारी मास्तरीण!  मी पायरीवर बसले.

“समृद्धी, काकी तुझी कोण आहे माहीत आहे ना?”

“म्हायतीय की,” ती म्हणाली. “काकीच्या पोटातनं आले मी. फोटो हाय आमच्या घरात.”

“मग तिला आई का नाही म्हणत?”

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू वर्गात सगळ्यात ढ मीच आहे. “आई म्हणलं की आई वळून बघती, मॅडम. मग काकीला कळत न्हाय. काकी म्हणलं की काकी येती.”

मी आत जाऊन टेबलाचा खण उघडला. रेघोट्यांचा तो चोविसावा कागद काढला आणि दुमडला. कोऱ्या बाजूवर पेन्सिलनं पोकळ अक्षरं काढली. प्रिय काकी. ‘की’ची वेलांटी दोनदा खोडली. समृद्धी शेजारी उभी राहून बघत होती. “जाड काढा,” ती म्हणाली. “रंग मावला पायजे.”

सकाळभर ती ते रंगवत होती. बाहेर सतरंज्यांवर आया जमल्या. कुणी कामावरून तशीच आलेली, डोक्याला टॉवेल बांधलेली. कुणी लग्नाला निघाल्यासारखी नटलेली. मनीषा एका टोकाला बसली, सुमनताई दुसऱ्या टोकाला. दोघींच्या मध्ये दहा-बारा बायका. मनीषानं इस्त्रीची साडी नेसली होती आणि हात मांडीवर असे ठेवले होते की त्यांना कशालाही स्पर्श होऊ नये. मी गुरुजींना म्हटलं, भाषण करू नका. त्यांनी केलं. थोर मातांची यादी सांगितली. मला त्यातलं एकही नाव ऐकू आलं नाही.

मग मुलं सुटली. धावत, अडखळत, आपापल्या आईच्या अंगावर. समृद्धी धावली नाही. दोन कार्डं छातीशी धरून चालत निघाली. आधी सुमनताईंकडं गेली. ‘आई’ त्यांच्या हातात दिलं. सुमनताईंनी तिला ओढून जवळ घेतलं आणि लगेच सोडलं. मी मनीषाकडं बघू शकत नव्हते, तरी बघत होते. ती त्या कार्डाकडं बघत होती. पापणी लवत नव्हती.

मग समृद्धी सगळ्या बायकांच्या पुढून चालत दुसऱ्या टोकाला आली आणि मनीषासमोर उभी राहिली. दुसरं कार्ड पुढं केलं. मनीषानं ते घेतलं. क्षणभर, अगदी क्षणभर, तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मग तिनं वाचलं.

रडली नाही ती. नर्सबाईच ती. तिनं समृद्धीच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, “लई ग्वाड रंगवलंयस.” समृद्धी खेळायला पळाली. मनीषा उठून माझ्याकडं आली आणि कुणाच्या कानावर जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “दाखला नको, मॅडम.”

पण सुमनताई माझ्या पाठीमागंच उभ्या होत्या.

मनीषा गेल्यावर त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. “ते काकी कुणी लिवलं? तुमी?” आवाज नेहमीचा नव्हता, दबलेला होता, म्हणून जास्त भीती वाटली. मी कबूल केलं. आणि मग राहवलं नाही म्हणून समृद्धीचं ते वाक्यही सांगितलं, जसंच्या तसं. आई म्हणलं की आई वळून बघती. मग काकीला कळत न्हाय. सुमनताई माझ्याकडं नव्हे, माझ्या डोक्यावरून कुठंतरी उसाकडं बघत राहिल्या. हातातलं कार्ड त्यांनी दुमडलं. पुन्हा उघडलं. “सवय हाय वो मॅडम,” त्या म्हणाल्या. “हाक आली की मान वळती. काय करू?” 

संध्याकाळी मी गेले. एरवी चुकवत आले होते, पण त्या दिवशी पाय घरी थांबले नसते. अंगण सारवलेलं, पत्र्यावर चार थेंब वाजून पुन्हा थांबलेले. आतल्या खोलीत भिंतीशी चूल, सुमनताई पुऱ्या तळत होत्या. त्यांच्या माहेरची रीत, पिठोरीचं वाण चुलीवरच करायचं. पूजा झाली. मी दाराजवळ पाटावर बसले. समृद्धी उंबऱ्यावर उभी.

सुमनताईंनी ताट वाढलं. खिरीची वाटी, वर दोन पुऱ्या. आणि ते मनीषापुढं धरलं. “घे. औंदा तू धर.”

“मी? आक्का, वरत तुमचं हाय.”

“माझी पोरं मिशांना पीळ देत्यात. त्यांना काय अतीत इचारायचं? धर म्हणते न्हवं.” आणि उत्तराची वाट न बघता त्या चुलीकडं तोंड करून बसल्या, दाराकडं पाठ करून.

मनीषा बसली. तिचीही दाराकडं पाठ. तिनं ताट उचलून डोक्यावरून मागं धरलं. रोज लोकांच्या शिरेत सुई घालणारे ते हात, पण ताटातली वाटी किणकिणत होती.

“अतीत कोण?”

 समृद्धीसमोर दोन पाठी होत्या. तिनं चुलीजवळच्या पाठीकडं बघितलं. मग ताटाखालच्या पाठीकडं. पुन्हा चुलीकडं. कढईत तेल तडतडत होतं.

“अतीत कोण?” मनीषानं दुसऱ्यांदा विचारलं. 

“आई,” समृद्धी म्हणाली.

मोठ्यानं नाही. पाणी गार आहे का गरम, हे बोट बुडवून बघावं तसं. माझी नजर सुमनताईंवर गेली. झारा कढईवर थांबला होता. मानेची शीर ताठ झाली होती. तेलातली पुरी फुगली, तांबूस झाली, काळी पडायला लागली. पण त्यांनी मान वळवली नाही.

“आई,” समृद्धी पुन्हा म्हणाली, “मी हाय.”

आणि जिनं वळायचं नव्हतं ती वळली. मनीषा ताटासकट गर्रकन वळली. वाटी कलंडली, खीर तिच्या खांद्यावरून, इस्त्रीच्या साडीवरून खाली आली, आणि तिनं त्याच खरकट्या हातांनी पोरीला धरलं.

“सांडली व्हय गं?” सुमनताईंनी भिंतीकडं तोंड ठेवूनच विचारलं.

“व्हय, आक्का.”

“सांडू दे. दुसरी देते.”

पण दुसरी द्यायला त्या उठल्या नाहीत. पुरी जळल्याचा धूर घरभर झाला, आम्हाला सगळ्यांना ठसका लागला, तरी त्या वळल्या नाहीत.